आजीचा खिसा

४ एप्रिल

टिटवे, अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. आठवत नसेल म्हणून खूण सांगते. बुटकी, कमरेत वाकलेली, बारा महिने तोच करडा स्वेटर, स्वेटरच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. हिला लिहितावाचता येत नाही, तेव्हा हिला पत्र नाही पाठवलं तरी चालतं, असा तुम्हा भावंडांचा समज झालेला दिसतो. चालत नाही. महिना उलटला. गुहेत शिरताना कपाळावर दिवा बांधतात म्हणे. डोक्यात कधी पेटणार?

हे पत्र नेहमीसारखं खालच्या दुकानातले शिंपी मास्तर लिहून घेतायत. मी बोलेन तसंच लिहा, अशी ताकीद दिलीय. पण मास्तर पडले शिंपी, जरा कुठे धागा लोंबताना दिसला की कापतात. मी आत्ता 'गाढवांनो' म्हटलं, त्यांनी 'मुलांनो' लिहिलं असेल. तू 'गाढवांनो' असंच वाच. (गाढवांनो असंच लिहिलंय. – मास्तर)

आता त्या दुसऱ्या गाढवाचं. घुशा कुठे आहे? तुझ्या पत्राखाली तो माझ्यासाठी चित्र काढायचा, मला वाचता येत नाही म्हणून. खाली खड्डा, त्यात लोंबकळणारी तू, आणि कोपऱ्यात शेपटीवाली घूस म्हणजे तो. आता महिनाभर ना पत्र, ना चित्र. रुसलाय का? निघताना बोलले मी त्याला, कबूल. पण गुहेत घालायच्या सूटचे गुडघे किती वेळा शिवायचे? डांबरी कागदासारखं ते कापड, आरीने भोक पाडल्याशिवाय सुई जात नाही. आणि हा पठ्ठ्या चार दिवसांत गुडघे फाडून परत हजर. 'आजी, मी रांगतो.' सव्वीस वर्षांचा घोडा झाला, अजून रांगतोच आहे! लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, आमच्या घरातला उंदीरच डोंगर पोखरायला निघाला.

खरं सांगू? घर फार गप्प झालंय. दोरावरून उतरलं की तुम्ही ओरडता ना, 'दोर मोकळा!', म्हणजे वरच्याने उतरायला हरकत नाही? तो घरी संडासातून बाहेर आला तरी तसंच ओरडायचा. परवा मी बाहेर आले आणि माझ्याच तोंडून निघालं. मास्तरांच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं.

खाता काय? ते अडल्यानडल्याला गुहेत डबा ठेवता ना, त्यात बिस्किटं भरू नका. त्याच्या दातात अडकतात आणि मग तासभर जिभेने उकरत बसतो. तिथेही खोदकामच.

आणि परतताना रिकाम्या हाताने येऊ नका. दगडही नकोत. खिडकीत आता कुंडी ठेवायला जागा उरली नाही.

सहीच्या जागी कोपऱ्यात टाका घातलाय. ओळख पटेल.

तुमची आजी


११ एप्रिल

प्रिय आजी,

गाढवाचा नमस्कार. चुकले. आठवड्यातून एकदा सामान घेऊन जीप वर येते, तिच्या ड्रायव्हरकडे पत्र द्यायचं असतं. तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

तू नेहमी विचारतेस खाली असतं काय, म्हणून एकदा नीट सांगते. मास्तरकाकांना वाचायला अवघड जाऊ नये म्हणून अक्षरही मोठं काढते. गुहेचं तोंड आपल्या दारापेक्षा लहान आहे. आत शिरलं की दोन खोल विहिरी लागतात, एकीच्या तळाशी दुसरी. त्या दोरावरून उतरायच्या. मग एक बुटकी वाट. तिला आम्ही डोहवाट म्हणतो, कारण पोटावर सरपटताना हनुवटीपर्यंत पाणी असतं, आणि डोंगरावर पाऊस झाला की ती छतापर्यंत भरते. ती संपली की एक फट. श्वास सोडून छाती लहान केली तरच माणूस त्यातून सरकतो. तिचं नाव सुईचं नाकं.

नाक्यापलीकडे एकदम मोठी खोली उघडते, कोरडी, खाली बारीक वाळू. तिथे पहिला पोचला घुशा, म्हणून नाव द्यायचा मान त्याचा. अडल्यानडल्याचा डबा आम्ही तिथेच ठेवतो, म्हणून त्याने नाव दिलं 'आजीचा खिसा'. म्हणाला, 'हात घातला की काहीतरी खायला सापडतं.' आमच्या नकाशावर तेच नाव आहे.

घुशा सध्या तिथेच आहे. पाऊस झाला, डोहवाट भरली, त्यामुळे त्याचा मुक्काम खाली आहे. म्हणून चित्र नाही. रुसलेला नाही तो आजी. तुझ्यावर कधीच रुसला नव्हता.

एक काम होतं. तू आणि मास्तरकाका मिळून एक पिशवी शिवाल का? सूटसाठी वापरता त्याच जाड कापडाची. लांबी सहा फूट. रुंदी एका टोकाला दोन फूट, दुसऱ्या टोकाला दीड. दोन्ही बाजूंना धरायला चार चार बंद, मेणाच्या दोऱ्याने घट्ट शिवलेले. दोर आणि इतर सामान सुईच्या नाक्यातून ओढून आणायचं आहे. सामान ओढायची विकतची कडक पाटी तिथून वळत नाही. जरा लवकर हवी आहे. ड्रायव्हर शनिवारी शहरात येईल, तो दुकानातून घेऊन जाईल.

तुझा स्वेटर धुतलास की नाही?

तुझी टिटवी


१६ एप्रिल

टिटवे, अनेक आशीर्वाद.

स्वेटर धुतला. आणखी काही चौकशा?

मास्तरांनी तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा नेहमीसारखं, हातवारे करून. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं, आणि मापांवर आले तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग त्यांनी टेप काढला, जमिनीवर कापड पसरलं आणि खडूने रेघ मारायला बसले. त्या दुकानात मी अर्धं आयुष्य काढलं, पण मास्तरांची रेघ हललेली पाहिली नव्हती. परवा हलली. म्हणाले, खडू ओला आहे.

आता मला सांग. तुमच्या सामानाच्या पिशव्या आजवर कोणी शिवल्या? मी. वरच्या तोंडाला एक बंद आणि बुडाला एक, कारण दोरावर चढताना त्या तुमच्या कमरेखाली लोंबकळतात. कडेला बंद लावला तर तो दगडात अडकतो, हे मला घुशानेच शिकवलंय, मी एकदा हौसेने लावला होता तेव्हा. मग या पिशवीला दोन्ही कडांना चार चार कशाला? कडेचे बंद माणसांनी धरायला असतात. आठ माणसांनी.

आणि एका टोकाला दोन फूट, दुसऱ्या टोकाला दीड. दोराला खांदे कधीपासून फुटले गं?

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हे तर पाय मोजून मागवलेलं अंथरूण आहे. आणि ते पाय कोणाचे, हे तू मला सांगायला हवं का? तुझी आई गेली तेव्हापासून त्याचे सगळे कपडे मी शिवले. दरवर्षी माप वाढवत नेलं. या थंडीत सूट शिवला तेव्हा खांदा घेतला, उंची घेतली. सहा फुटांत वर चार बोटं जागा सोडलीस, ते बरं केलंस. त्याला तोंडावर पांघरूण आलेलं आवडत नाही.

(आजीबाई इथे थांबल्या आहेत. मी चहा करून आणला. घेतला नाही. – मास्तर)

घेतला. निवला होता.

तुझ्यावर रागावले नाही. तुला वाटलं असेल, म्हातारी आहे, अक्षरशत्रू आहे, जरा वेळ झाकून ठेवू. ठेव. पण कापडात नाही झाकता येत बाई. कागदावर तू काहीही लिही, कापडाचं मला कळतं.

पिशवी होतेय. आज एक बाजू झाली. मास्तर आरीने भोकं पाडतात, मी मेणाचा दोरा ओढते. शनिवारी ड्रायव्हर आला तर त्याला हे पत्र तेवढं देईन. पिशवी पुढच्या खेपेला, कारण मला आधी उत्तर हवं.

कसं झालं ते नंतर सांग. एकच आधी सांग. उपाशी होता का?

आजी


२४ एप्रिल

आजी,

तुझं पत्र जीपच्या चाकाशी बसून वाचलं. ड्रायव्हर शेजारी येऊन बसला.

उपाशी नव्हता. हे आधी सांगते. डबा उघडलेला होता. खजूर संपले होते, चॉकलेट संपलं होतं, सुपाची पाकिटं संपली होती. बिस्किटांचा पुडा तेवढा तसाच होता. फोडलासुद्धा नव्हता.

मी तुला खोटं लिहिलं नव्हतं, आजी. मास्तरकाकांना परत वाचायला सांग. त्याचा मुक्काम खाली आहे असं लिहिलं, तो आहे. रुसला नव्हता असं लिहिलं, नव्हता. 'गेला' एवढा एकच शब्द मी लिहिला नाही. तुझं पहिलं पत्र आलं, त्याच्या आदल्याच दिवशी पाण्याखालून पोहत जाणारा पाणबुड्या त्याला पाहून परत आला होता. एकीकडे तुझं 'दोर मोकळा', एकीकडे तो. कुठला हात धरायचा ते मला कळेना.

झालं असं. घुशा नाक्यापलीकडे एकटा गेला, खोलीचं माप घ्यायला. मी नाक्याच्या अलीकडे त्याची वाट पाहत होते. डोंगरावर कुठेतरी पाऊस झाला, इथे तंबूवर थेंबही नव्हता. डोहवाटेत पाण्याचा आवाज बदलला. मी फटीतून ओरडले. तो ओरडला, 'तू नीघ, मी खिशात बसतो!' खिशात पाणी चढत नाही हे आम्हाला माहीत होतं. डबा होता, वाळू कोरडी होती. पाणी उतरेपर्यंत बसायचं, एवढंच. सगळे असंच करतात. मी निघाले. माझ्यामागे वाट भरली.

पाणी उतरलंच नाही. पाऊस थांबेना. पाणबुड्याला बोलावलं, तोही दोनदा अर्ध्यातून परतला. तिसऱ्यांदा पोचला तेव्हा घुशा भिंतीला टेकून बसलेला होता. थंडीने गेला. अंगावर ओला सूट. पाणबुड्या म्हणाला, झोपल्यासारखा होता.

आता पाणी उतरलंय. हनुवटीपर्यंत आलंय. आठवडाभर असंच राहील असा अंदाज आहे, नंतर बर्फ वितळून परत भरेल. त्याला आणायचं तर आठ जण लागतील. चौघे नाक्यापलीकडे, चौघे अलीकडे, आणि पिशवी इंच इंच सरकवत आणायची. जाऊन येणाऱ्याला नाकं आणि डोहवाट एका तासाची आहे. त्याच्यासकट सगळा दिवस लागेल. दिवसभर आठ जण त्या पाण्यात. मध्ये डोंगरावर पाऊस झाला तर, तुला कळलंच असेल.

आमचा म्होरक्या इथे वीस वर्षं येतोय. त्याने सगळ्यांना विचारलं, जायचं का? एकानेही नाही म्हटलं नाही. रात्री तो मला म्हणाला, 'कोणी नाही म्हणत नाहीये, याचीच मला भीती वाटते. तुझ्या आजीला विचार. त्या आणा म्हणाल्या तर आणू. नको म्हणाल्या तर दोघं जण जाऊन त्याला नीट ठेवून येऊ.'

आजी, मी त्याला आणणार. तुला फक्त 'आण' एवढंच म्हणायचं आहे. मी त्याला तिथे सोडून निघाले. परत सोडून निघायला मला सांगू नकोस. तुझ्यासमोर रिकाम्या हाताने कशी येऊ?

ड्रायव्हर बुधवारी फक्त यासाठी परत येणार आहे. त्याच्याकडे पिशवी दे.

टिटवी


२८ एप्रिल

टिटवे,

ड्रायव्हर दुकानात बसलाय. मास्तरांनी त्याला स्टूल दिलंय आणि तो माझ्याकडे बघायचं टाळतोय. भला माणूस आहे.

बिस्किटांचा पुडा फोडला नव्हता, हे ऐकून मला हसू आलं. मास्तर घाबरले. मी म्हटलं, घाबरू नका, म्हणजे शेवटपर्यंत डोकं ठिकाणावर होतं पोराचं.

आता माझं ऐक, आणि मध्येमध्ये बोलू नकोस. कागदाशी भांडायची तुला लहानपणापासून सवय आहे.

मला तो हवाय. हे मास्तरांनी मोठ्या अक्षरात लिहावं. (लिहिलं आहे. – मास्तर) त्याच्या कानामागची माती मी त्याच्या बारशापासून काढत आले. शेवटची राहिली. त्याचं डोकं एकदा मांडीवर घ्यायचं होतं, विंचरायचं होतं. आणा म्हटलं तर तो येईल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तीन दिवस तोंड बंद ठेवलं.

पिशवी शनिवारीच पुरी झाली होती. मास्तरांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, म्हणाले, आजीबाई, हत्ती घातला तरी बंद सुटायचे नाहीत. काल दुपारी मास्तर जेवायला गेले, मी पिशवी घेऊन बसले आणि एकेक बंद हातात घेऊन पाहिला. हा कोणाचा हात? हा म्होरक्याचा असेल. हा त्या पाणबुड्याचा, दोनदा अर्ध्यातून परतला, तिसऱ्यांदा गेला. त्याच्या घरी कोण असेल? हा कोणाचा? असं करत आठव्यावर आले. तो तुझा होता.

मी कात्री घेतली.

मास्तर आले तर मांडीवर आठ बंद आणि जमिनीवर मेणाच्या दोऱ्याची रांगोळी. म्हणाले, "आजीबाई, हे काय केलंत? आता धरायचं कशाला?"

म्हटलं, "तेच."

तर पिशवी आता बंदांशिवायची आहे. तिला उचलता येणार नाही, ओढता येणार नाही. म्होरक्याला सांग, म्हातारीने उत्तर कागदावर दिलं नाही, कापडात दिलं. त्याला कळेल.

तू मात्र जा. तुला अडवणार नाही. दोघं जायचीत तर त्यातली एक तू अस, नाही तर जन्मभर त्या फटीशी ओरडत बसशील. पाणी बघा, आकाश बघा. तुझा पहिला शहाणपणा काय होता, माहितेय? त्याने नीघ म्हटल्यावर निघालीस तो. नाही तर आज मी कोणाला पत्र लिहिलं असतं? त्याने शेवटचं सांगितलं आणि तू ऐकलंस. आयुष्यात एकदाच ऐकलंस त्याचं.

तिथे गेल्यावर काय करायचं ते नीट ऐक. आधी कानामागची माती. ओल्या फडक्याने, हळू, त्याला गुदगुल्या होतात. मग पिशवीत घे. आतून अस्तर लावलंय, लोकरीचं, हात लावलास की ओळखशील. माझा स्वेटर उसवला. मास्तर म्हणाले, तुम्हाला थंडी वाजेल. म्हटलं, मला वाजली तर शेगडी आहे. खिसा तेवढा तसाच ठेवलाय, छातीच्या डाव्या बाजूला येईल. त्यात पेपरमिंट आहेत. तू खाऊ नकोस.

तोंडावर घेऊ नकोस. चार बोटं जागा आहे.

मग मागे वळून न बघता नीघ. बघशील म्हणा. पण नीघ. त्या जागेला त्याने माझं नाव दिलंय ना? मग तो कुठे परक्या ठिकाणी नाही. मी त्याला खिशात घातलाय असं समजेन. लहानपणी मागे लागायचाच, तुझ्या खिशात बसतो म्हणून.

वर आलात की दोर सोडल्यावर ओरडायचं असतं ते तू ओरड. दोर मोकळा. मोठ्याने, टिटवीसारखं. मला इथे ऐकू येणार नाही, पण मी त्या दिवशी दाराशी बसेन.

आणि घरी ये. तुम्हाला नेहमी सांगत आले, रिकाम्या हाताने येऊ नका. या खेपेला ये रिकाम्या हाताने. मला तेच दोन हात हवेत.

(आजीबाईंनी ओल्या कागदावरच टाका घातला आहे. शाई पसरली तर समजून घे, बाळ. – मास्तर)

मास्तर, बाळ-बिळ काय लिहिताय, अजून संपलं नाही.

खाण्याचं राहिलं. बरोबर उकडलेले बटाटे ने, सालीसकट, मीठ वेगळ्या पुडीत. बटाटे तुम्हा दोघांना, येताना खायचे, हात गारठलेले असले तरी सोलता येतात. आणि तिथला डबा रिकामा ठेवून येऊ नकोस, पुढे कधी कोणी अडकलं तर आजीच्या खिशात हात घालून काही मिळालं नाही असं व्हायला नको. खजूर भर, चॉकलेट भर, सुपाची पाकिटं भर. तो बिस्किटांचा पुडा तेवढा वर घेऊन ये. परत तिथे पाठवू नकोस.